मेलेल्याला सगळे ठाऊक असते का? परलोकावरच्या रहस्यकादंबरीबद्दल मदत हवी आहे

ऐरोलीची लेखिका (धागाकर्ती)

नमस्कार. गेली तीन वर्षे मी एक रहस्यकादंबरी लिहीत आहे आणि निम्म्यावर येऊन अडले आहे. इथे रहस्यकथा मन लावून वाचणारी मंडळी आहेत, म्हणून अडचण सविस्तर मांडते.

कथा नवी मुंबईतल्या एका गावठाणात घडते. साठीच्या घरातले एक निपुत्रिक गृहस्थ खाडीत बुडून मेले, असे सगळे धरून चालले आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांचा देह तिवरांत अडकलेला सापडतो. पुतण्या अग्नी देतो, दिवस करतो. मागे राहतो तो साडेबारा टक्के योजनेतल्या भूखंडाचा प्रश्न. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० मधली. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या आणि त्यांच्या बदल्यात पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड देण्याचे ठरले. त्या एका कागदावर कोणाकोणाची नावे लागली आणि कोणाची वगळली गेली, यावरून घरे कशी दुभंगली हे या भागात राहणाऱ्यांना सांगायला नको.

ही गोष्ट सांगतो तो मेलेला माणूस, आणि तिथेच माझी गाडी रुतली. त्याला कोणी ढकलले हे त्याला ठाऊक असेल, तर पहिल्याच पानावर रहस्य संपते. पहिल्या खर्ड्यात मी त्याची स्मृती पुसून टाकली. तो वाचून माझ्या मैत्रिणीने स्पष्ट सांगितले, की ही लेखिकेने स्वतःसाठी काढलेली पळवाट आहे. दुसऱ्या खर्ड्यात त्याला मागून ढकलले गेले आणि चेहरा दिसला नाही, असे केले. पण मग हा देहाविना जीव भिंतींतून जातो, बंद दाराआडचे बोलणे ऐकतो, आणि विसाव्या पानाच्या आत त्याला सगळे कळून चुकते. ज्याला कुठेही जाता येते त्याने शोध कशाचा घ्यायचा?

म्हणून विचारते. मृताला काय कळावे आणि काय कळू नये, हे कोणत्या नियमाने ठरवायचे? मनाने रचलेले नियम मला नको आहेत. वाचकाला ते आधीपासून माहीत असावेत, निदान ओळखीचे वाटावेत, अशी इच्छा आहे.

नौपाड्यातील वाचक

ताई, तुमचा प्रश्न रहस्यकथेच्या मुळाशी जाणारा आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाचा मी अनेक वर्षांचा सभासद आहे आणि तिथून घरी नेलेल्या पुस्तकांत रहस्यकथाच जास्त होत्या.

इंग्लंडमध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. त्यांतला दुसरा नियम असा, की अलौकिक शक्तींना कथेत मुळीच थारा नसावा. विशेष म्हणजे नॉक्स हे कॅथलिक धर्मगुरू होते. मरणोत्तर जीवनावर त्यांची श्रद्धा होती, तरीही ते त्यांनी रहस्यकथेच्या उंबरठ्याबाहेर ठेवले. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांचेही तसेच. उत्तरायुष्यात ते परलोकविद्येचे कट्टर प्रचारक होते, पण होम्सला त्यांनी भुताखेतांच्या वाऱ्यालाही उभे केले नाही.

कारण उघड आहे. रहस्यकथा हा लेखक आणि वाचक यांच्यातला करार असतो. खोलीला दोन दारे आहेत असे सांगून झाल्यावर तिसऱ्या दाराने कोणी यायचे नाही. भूत हे ते तिसरे दार. परंतु माझ्या मते नॉक्स यांचा आक्षेप बेबंद परलोकाला आहे. परलोकालाही भिंती असतील आणि त्या वाचकाला आधी दाखवलेल्या असतील, तर करार मोडत नाही.

तुम्हाला ठाऊक असेलच, पण जपानी लेखक अकुतागावा यांची १९२२ मधली एक कथा इथे आठवते. जंगलात एका सामुराईचा मृत्यू होतो, साक्षीदार एकामागून एक जबान्या देतात आणि शेवटी तो मृत सामुराई स्वतः एका मांत्रिक स्त्रीच्या तोंडून बोलतो. आता उलगडा होईल असे वाटते, आणि त्याच्याही जबानीने होत नाही. मेलेला माणूसही आपली अब्रू सांभाळून बोलतो. तुमच्या नायकालाही झाकण्यासारखे काही असेल, तर त्याला सगळे कळले तरी तो सगळे सांगेलच असे नाही.

ऐरोलीची लेखिका (धागाकर्ती)

काका, झाकण्यासारखे काही असावे ही गोष्ट मनात ठेवते. पण वाचकाशी खोटे बोलणारा मृत मला नको आहे, त्याला खरोखरच शोध लागायला हवा आहे. परलोकाच्या भिंती हव्यात हे पटले. त्या आणायच्या कुठून?

कळव्याहून

त्या भिंती आपल्याकडे केव्हाच बांधून ठेवलेल्या आहेत, आणि त्या इतक्या काटेकोर आहेत, की रहस्यकथाकाराला आयता नकाशा मिळावा.

गरुडपुराणाच्या प्रेतखंडात मेलेला जीव मुळीच सर्वसंचारी नाही. उलट तो अत्यंत असहाय आहे. दाहानंतर त्याला देह नसतो. वंशजांनी रोज एक पिंड द्यायचा आणि त्या पिंडाने त्याचा एकेक अवयव घडायचा. पहिल्या दिवशी मस्तक, दुसऱ्या दिवशी मान आणि खांदे, तिसऱ्या दिवशी हृदय, मग पाठ, मग नाभी, अशा क्रमाने खाली येत येत गुडघे आणि पाय अगदी शेवटी होतात. दहाव्या दिवशी त्याला भूक आणि तहान लागते. तेराव्या दिवशी यमदूत त्याला बांधून वाटेला लावतात, तेव्हा तो पकडलेल्या माकडासारखा असतो अशी उपमा आहे. पुढची वाट ८६,००० योजनांची (योजन हे अंतराचे जुने माप), रोजची मजल २४७ योजनांची, वाटेत सोळा नगरे आणि वैतरणी नदी. भागाकार करून पाहा, जवळपास वर्ष लागते. वर्षश्राद्धापर्यंतच्या विधींचा हिशेब या प्रवासाशी जुळतो.

आता तुमच्या कथेत हे बसवून पाहा. मृताला तपासासाठी मोजून तेरा दिवस आहेत. नवव्या दिवसापर्यंत त्याला पाय नाहीत, म्हणजे भिंतींतून जाणे राहोच, त्याला चालताही येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा देह तो स्वतः घडवत नाही. पिंड देणारा माणूस तो घडवतो. तुमच्या कथेत पिंड कोण देतो?

ऐरोलीची लेखिका (धागाकर्ती)

पुतण्या देतो.

हे वाक्य लिहिताना अंगावर काटा आला. संशय ज्याच्यावर जायला हवा, त्याच्याच हाताने मृताचे डोळे, कान आणि पाय घडत आहेत, हे माझ्या कथेत तीन वर्षे होते आणि मला दिसले नव्हते.

कळव्याहून

एक व्यावहारिक गोष्ट सांगायची राहिली. शहरात आता रोजचा पिंड क्वचितच दिला जातो. दहाही पिंड दहाव्या दिवशी एकत्रच दिले जातात. सुट्टी मिळत नाही, जागा नसते, गुरुजींना वेळ नसतो, ही कारणे समजण्यासारखी आहेत. पण तुमच्या नायकाच्या बाजूने पाहिले तर नऊ दिवस तो अवयवहीन पडून राहतो आणि दहाव्या सकाळी त्याला एकदम सगळा देह मिळतो. जुन्या गावातला मृत आणि आजच्या ऐरोली, कोपरखैरण्यातला मृत यांच्या परलोकात हा फरक पडायला हवा. तो कादंबरीत आला तर मला फार आवडेल.

तलावपाळी

मी लेखक नाही, पण दहाव्याचा विषय निघाला म्हणून एक अनुभव लिहितो. वडिलांना जाऊन आता बरीच वर्षे झाली.

आम्ही सकाळी नऊच्या सुमारास काठावर पोचलो. पिंड मांडून झाले, गुरुजींनी सगळ्यांना मागे सरकायला सांगितले. समोरच्या झाडावर पाच-सहा कावळे होते. एक खाली आला, पिंडापासून हातभर अंतरावर उतरला, मान तिरकी करून पाहिले आणि पुन्हा फांदीवर गेला. असे तीनदा झाले. मग नेहमीप्रमाणे बोलायला सुरुवात झाली. मी हात जोडून म्हणालो, आईला कधी अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. आत्या म्हणाली, धाकट्याचे शिक्षण पुरे करू. नाही. गावचे घर विकणार नाही. नाही. ऊन चढत होते आणि पिंडावरचे तीळ भाताच्या वाफेने ओले होऊन चकाकत होते, तेवढे मला स्पष्ट आठवते. पाऊण तास गेला. शेवटी काका पुढे झाले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "दादा, त्या चाळीतल्या बाईंचे पैसे मी परत करतो." आणि कावळा उतरला.

कोणत्या बाई, कसले पैसे, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. आईने तिथे काही विचारले नाही. घरी येऊन चहा झाल्यावर विचारले, तेव्हा कळले की वडिलांनी गिरणी बंद असतानाच्या काळात शेजारच्या एका विधवा बाईंकडून पैसे उसने घेतले होते आणि ते फेडायचे राहून गेले होते. काकांनी ते पुढच्याच आठवड्यात नेऊन दिले.

कावळा भुकेपोटी आला असेल, हे मी नाकारत नाही. ऊन झाले होते आणि माणसे शांत उभी होती. पण काकांच्या पोटातले ते वाक्य त्या पक्ष्याने बाहेर काढले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तो आला नसता तर ते वाक्य काकांबरोबरच गेले असते.

नौपाड्यातील वाचक

तलावपाळी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. रहस्यकथेच्या शेवटच्या प्रकरणात तपास करणारा सगळ्या संशयितांना दिवाणखान्यात जमवतो आणि एकेकाला बोलते करतो, हा प्रघात आपण परका समजतो. आपल्याकडे तो दिवाणखाना घाटावर आहे. मृताची इच्छा काय होती हा प्रश्न, आप्त हे साक्षीदार, आणि उत्तर बरोबर आले की नाही हे सांगणारा कावळा. मराठी माणसाला हा तपास कोणी शिकवावा लागत नाही, कारण प्रत्येकाने तो एकदा तरी उभे राहून पाहिलेला असतो. ताईंनी कादंबरीचा कणा इथेच रोवावा, असे मला मनापासून वाटते.

ठाणे न्यायालयाच्या पायरीवरून

वकिलीच्या धंद्यात असल्याने दोन गोष्टी सुचतात.

एक म्हणजे देह सापडू नये. देह सापडला नाही तर कायदा सात वर्षे थांबतो. ज्यांना एखाद्याची बातमी कळायला हवी होती त्यांना सात वर्षे ती कळली नाही, तर तो हयात आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात ही तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कायम आहे. धर्मशास्त्रात मात्र बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहण्याचा संकेत आढळतो आणि त्यानंतर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. सात आणि बारा यांच्यामध्ये पाच वर्षे उरतात. त्या पाच वर्षांत माणूस सरकारी दफ्तरात मेलेला असतो, त्याच्या नावावरची जमीन वारसांकडे जाते, पण त्याला पिंड मिळालेला नसतो आणि घरात त्याच्या बायकोच्या गळ्यात मंगळसूत्र असते. वर सांगितलेल्या हिशेबाने तो परलोकातही देहाविनाच आहे. माझ्या पाहण्यात अशी एक बाई होती. वारसाच्या अर्जावर सही करायला तिने तीन तारखा नकार दिला. सही केली तर मीच त्यांना मारले असे होईल, एवढेच ती म्हणायची.

दुसरी गोष्ट दर्भाच्या कावळ्याची. खूप वेळ थांबूनही कावळा शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावतात आणि सगळे घरी जातात. फौजदारी कामात याला जवळचा एक प्रकार आहे. गुन्हा घडला हे खरे, पण आरोपीचा शोध लागत नाही, तेव्हा पोलीस न्यायालयात 'ए समरी' मागतात. कागद बंद होतो, प्रश्न उघडा राहतो. दहाव्याला हजर असलेल्यांपैकी दर्भाचा कावळा लवकर करा अशी घाई कोणाला झाली होती, हे तुमच्या मृताने पाहावे. बाकीचे सगळे मृताची इच्छा ओळखायचा प्रयत्न करत असतात. जो एकही अंदाज बोलून दाखवत नाही, त्याला ती ठाऊक असते.

घणसोलीकर

मी परलोक मानत नाही आणि तरीही हा धागा आवडीने वाचत आहे. मेल्यावर माणूस उरतो की नाही, याबद्दलची शंका तरी कुठे नवी आहे? कठोपनिषदात नचिकेत यमाच्या दारात तीन रात्री उपाशी थांबून हेच विचारतो, की काही म्हणतात तो असतो, काही म्हणतात नसतो, तर खरे काय? आणि यम त्याला गाई, हत्ती, सोने, दीर्घायुष्य असे काहीही माग पण हे विचारू नकोस, म्हणून विनवतो.

एकच सूचना. कथेत पैसे घेऊन मृताशी बोलणे घडवणारा कोणी बुवा आणणार असाल, तर महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, याचे भान पात्रांना असू द्या. आजच्या नवी मुंबईतली घरची सून त्याला दारातच तो कायदा ऐकवील.

दिवाळे कोळीवाडा

सगळे वाचले. चांगले चालले आहे, पण मला एक बोलायचे आहे आणि ते स्पष्टच बोलते.

नवी मुंबईवरच्या भुताच्या गोष्टीत भूत नेहमी आमच्या गावठाणात असते. वडावर, पिंपळावर, पडक्या विहिरीत. टॉवरमध्ये राहणारा माणूस गाडीतून उतरतो, आमच्या गल्लीत शिरतो आणि त्याला भीती वाटते. ती आमची घरे आहेत. त्या टॉवरखाली आमची भातखाचरे आणि मिठागरे होती. सेक्टरला नंबर मिळाले आणि शेतांची नावे गेली. कोणाला झपाटायचेच असेल तर ती नावे झपाटतील, आणि ती वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना झपाटतील. ताई, तुमचा नायक आमच्यातला आहे, तर त्याला घाबरवणारा करू नका, एवढे मागते.

आणि खाडीचे नीट लिहा. बुडून मेला म्हणता, तर आमच्या घरात पहिला प्रश्न येईल, तिथी कोणती होती? पुनवेला आणि अवसेला दुपारी-मध्यरात्री बाराच्या आसपास भरती. पुढे रोज पाऊण तास उशीर. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळ मानाने निघते, आतल्या खाडीत थोडी मागे. अष्टमीला सहा येतात. म्हणजे अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी असते, आणि पाणीही भांगाचे, उधाणासारखे चढत नाही. त्या वेळी काठाला गुडघाभर चिखल असतो. कोणी येऊन सांगितले, की अष्टमीच्या दुपारी ते भरतीच्या पाण्यात गेले, तर आमची म्हातारीसुद्धा म्हणेल, हा खोटे बोलतो आहे. हे ओळखायला भूत लागत नाही.

ऐरोलीची लेखिका (धागाकर्ती)

ताई, तुमचे म्हणणे मला लागले आणि ते खरे आहे. पहिल्या खर्ड्यात वडाचे झाड होते. ते काढून टाकले आहे. तिथी तर मी धरलीच नव्हती, नुसते 'भरतीची वेळ होती' असे लिहून पुढे गेले होते. पुतण्याचे खोटे तिथीवरून उघडे पडावे आणि ते गावातल्या एखाद्या वृद्ध स्त्रीने ओळखावे, हे आता ठरले.

वकीलसाहेब, सात आणि बारा वर्षांमधली ती पाच वर्षे ही वेगळीच कादंबरी आहे. ती या कथेत कोंबली तर दोन्हींचे नुकसान होईल. या वेळी देह सापडू देते. अर्जावर सही न करणाऱ्या त्या बाई मात्र डोक्यातून जात नाहीत.

काल रात्री नियम लिहून काढले. मृत सर्वत्र जात नाही. नऊ दिवस त्याला काहीच कळत नाही. दहाव्या दिवशी देह मिळतो, तो देणाऱ्याच्या हाताने. पिंडासमोर उभे राहून मोठ्याने बोललेले तेवढेच त्याला ऐकू येते, मनातले नाही. कावळ्यावर त्याची सत्ता नाही. त्याला फक्त कावळ्याच्या जवळ बसता येते. आणि तेराव्या दिवशी त्याला जावे लागते, उलगडा झालेला असो वा नसो.

नव्या खर्ड्याची सुरुवात इथे देते. निष्ठुरपणे वाचा.

"नऊ दिवस मी कुठेच नव्हतो. दहाव्या सकाळी माझ्या पुतण्याने मला डोके दिले, मग खांदे, मग छाती. त्याचा हात थरथरत होता, म्हणून पाठ थोडी वाकडी बसली. पाय मिळाले तेव्हा मी उभा राहिलो आणि पहिल्यांदा तहान लागली. समोर माझी माणसे हात जोडून माझ्याशी बोलू लागली. एकेकाने माझी इच्छा ओळखायचा प्रयत्न केला. तो मात्र गुरुजींकडे वळला आणि म्हणाला, दर्भ आणला आहे ना?"

माघ वद्य अष्टमी धरली आहे. चालेल का?

दिवाळे कोळीवाडा

अष्टमी चालेल. पाणी दुपारनंतर हळूहळू चढून संध्याकाळी सहाला पुरे भरेल, ते काठापर्यंत येईतोवर दुपारची पावले चिखलात तशीच राहतील. किती माणसांची पावले गेली आणि किती जणांची परत आली, ते त्या म्हातारीला मोजू द्या.